व्याह्याच्या दारात बंद पडणाऱ्या मोटारसायकलीबाबत

प्रति,
मा. जिल्हा पुरवठा अधिकारी,
जिल्हाधिकारी कार्यालय,
अमरावती.

अर्जदार : खुशालराव नामदेवराव मोहोड, सेवानिवृत्त वरिष्ठ सहायक (पंचायत समिती), रा. नांदगाव खंडेश्वर, जि. अमरावती.

विषय : इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे मोटारसायकलीचे मायलेज कमी होऊन ती वारंवार व्याह्यांच्याच दारासमोर बंद पडते, यात अर्जदाराचा कोणताही हेतू नाही, असा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदार व त्याची पत्नी सौ. रुख्मिणी यांच्यात दिवाळीपासून सुरू असलेली तोंडी चर्चा.
२) पेट्रोल पंपावर उभयतांसमक्ष झालेली तपासणी.
३) बडनेरा रस्त्यावर पत्नीच्या उपस्थितीत पार पडलेली प्रत्यक्ष चाचणी.

महोदय,

विषय वाचून हा अर्ज थट्टेचा आहे असे वाटण्याचा संभव आहे. तो तसा नाही. या विषयावरून माझ्या घरात चूल सोडून बाकी सर्व बंद आहे, आणि चूलही माझ्यापुरती मंद आहे. हा विषय नेमका आपल्याच कार्यालयाचा की दुसऱ्या कोणत्या, याचीही मला खात्री नाही. परंतु पेट्रोल ही पुरवठ्याची बाब आहे आणि माझी अडचण पेट्रोल न पुरल्याची आहे, इतका संबंध मला पुरेसा वाटला. सबब अर्ज शेवटपर्यंत वाचावा, ही सुरुवातीचीच विनंती.

माझ्याकडे चौदा वर्षांपूर्वी घेतलेली मोटारसायकल आहे. तिचा पेट्रोलचा काटा गेलेला आहे, रिझर्व्हची चावी एकाच जागी गंजून बसलेली आहे, परंतु इंजिन आजही एका किकमध्ये सुरू होते. माझी थोरली बहीण बडनेऱ्यास एकटी राहते. तिची दृष्टी मंदावली असल्याने दर सोमवारी जाऊन मी तिला आठवड्याची वर्तमानपत्रे वाचून दाखवतो. ती आधी निधनवार्ता ऐकते, मग राजकारण. या जाण्यायेण्यास एक लिटर पेट्रोल लागत असे. सोमवारी सकाळी गावच्या पंपावर एक लिटर टाकायचे, बडनेरा करून यायचे, आणि गाडी अंगणात येईपर्यंत टाकी जवळपास कोरडी व्हायची.

टाकी कोरडी ठेवण्याचे कारण माझा पुतण्या पिंटू. टाकीत पेट्रोल असल्याचा नुसता वास आला तरी तो "काका, पाच मिनिटात आलो" म्हणून गाडी नेतो आणि दुसऱ्या तालुक्यातून फोन करतो. म्हणून एक लिटरचा नियम माझ्या पत्नीने केला. आमच्या घरी तो कायद्यासारखा पाळला जातो.

आता व्याह्यांविषयी. माझा मुलगा नितेश अकोल्यास नोकरीला आहे. त्याची पत्नी आचल ही धानोरा फाट्यावरील शेतकरी श्री. देवराव गावंडे यांची कन्या. धानोरा फाटा आमच्या गावाच्या साडेतीन-चार किलोमीटर अलीकडे, बडनेऱ्याकडून येताना लागतो, आणि देवरावांचे घर डांबरी रस्त्याला अगदी लागून आहे.

गेल्या वर्षी अकोल्यास नातवाचे बारसे झाले. मंडपात माइक होता. देवराव माणूस म्हणून वाईट नाहीत, परंतु माइक हातात आला की त्यांना थांबवणे हे त्यांच्या स्वतःच्याही हातात राहत नाही. त्यांनी नातवाला वर उचलून जाहीर केले, "पोराचं नाक आमच्या घरावर गेलं, बरं झालं! मोहोडाइच्या घरावर गेलं असतं तं बिचाऱ्याले पाळन्यात कुशीवर झोपता आलं नसतं!" मंडप हसला. मंडपवालाही हसला.

येथे नमूद करणे आवश्यक आहे की, मोहोड घराण्यात तसे नाक एकच आहे आणि ते माझ्या पत्नीचे आहे. हे नाक मी लग्नाआधी समक्ष पाहिले व पसंत केले होते. त्याबाबत माझी तेव्हाही तक्रार नव्हती, आजही नाही. परंतु ती भरल्या ताटावरून उठली आणि म्हणाली, "या मानसाच्या घरचं पानी मी पेनार नाही. अन् तुमी पेले तं माह्या घरचं पेऊ नका."

तेव्हापासून दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. याचा खरा त्रास झाला तो सूनबाईला. येत्या माघात नातवाचे जावळ अकोल्यास करायचे ठरले, तेव्हा माझ्या पत्नीने तिला फोनवर कळवले, "ते येनार असन तं मी येत नाही." सूनबाई फोनवर रडली. सासूला नको म्हणायचे की जन्मदात्यांना, हे त्या पोरीने ठरवायचे होते. नितेशने मला वेगळा फोन करून विचारले, "बाबा, तुमी काही करा ना." मी काय करणार? सेवेत असताना माझ्याकडे आवक-जावक विभाग होता, समेट विभाग नव्हता.

अशा परिस्थितीत दिवाळी आटोपल्यानंतरच्या सोमवारी बडनेऱ्याहून परत येताना गाडीने धानोरा फाट्याजवळ दोन उचक्या दिल्या आणि ती बंद पडली. मान वर करून पाहतो तर समोर देवरावांचे फाटक. आत अंगणभर मका वाळत घातलेला, आणि स्वतः देवराव खाटेवर बसून कोंबड्या हाकलत होते. बोलायचे नाही, हा नियम दोन्हीकडून होता. म्हणून मी टाकीचे झाकण उघडून आत पाहिले, गाडी आडवी करून हलवली, फुंकर मारून पाहिली. देवराव शेजारी बांधलेल्या बैलाला उद्देशून म्हणाले, "काही लोकाइले गाडी चालवन्यापेक्षा ढकलनंच जास्त आवडते." बैलाला उत्तर देणे मला योग्य वाटले नाही. गाडी ढकलत घरी आलो.

पत्नीने दारातच विचारले, "येवढा घाम कावून आला?"

मी सांगितले, पेट्रोल संपले.

"कोठी संपलं?"

मी खरे ते सांगितले. तिने निवडत असलेल्या तुरीच्या शेंगा सुपात तशाच ठेवल्या. "इतके वर्स लिटरभर पुरलं, अन् आजच नेमकं तेथीच कसं संपलं?"

पुढच्या सोमवारी गाडी पुन्हा त्याच फाटकासमोर बंद पडली. यात काहीही चमत्कार नाही, हे मी आपल्या निदर्शनास आणू इच्छितो. तेच पेट्रोल, तेवढेच पेट्रोल, तोच रस्ता, तोच वेग आणि तोच मनुष्य असेल तर गाडी त्याच जागी थांबणार, हे शास्त्र आहे. परंतु रस्त्याने जाणाऱ्याला ते शास्त्र दिसत नाही, भेट दिसते.

या खेपेस देवराव फाटक उघडून बाहेर आले. "व्याही, मुकं जनावर दारात थांबलं तं त्यालेबी आपन हाकलत नाही. या, बसा." त्यांनी स्वतःच्या गाडीतून नळीने बाटलीभर पेट्रोल काढले. तेवढ्यात विहीणबाई मैनाबाईंनी चहा आणला. मी नको म्हणालो. परंतु चहा आलेला होता आणि तो निवला असता. शिवाय पत्नीची बंदी पाण्यावर होती, चहाचा तीत स्पष्ट उल्लेख नव्हता. असा विचार करून मी बशी तोंडाला लावली, आणि नेमक्या त्याच क्षणी यवतमाळकडे जाणारी एस.टी. समोरून गेली. खिडकीत आमच्या शेजारचे श्री. देवीदास इंगोले बसलेले होते. त्यांनी मला हातही केला. मी घरी पोचण्याच्या कितीतरी आधी बातमी पोचली होती, कारण मोबाइलला पेट्रोल लागत नाही.

त्या दिवशी माझ्यावर ठेवण्यात आलेला आरोप पत्नीच्याच शब्दांत देतो : "पेट्रोल संपत नाही. तुमी संपवता."

म्हणजे बडनेऱ्यात इकडेतिकडे फिरून, हिशेबाने पेट्रोल जाळून, मी गाडी बरोबर व्याह्यांच्या दारात आणतो, असे तिचे म्हणणे. मी वाहनावर इतका ताबा असलेला मनुष्य असतो तर पिंटूकडून गाडी परत आणू शकलो नसतो काय? परंतु हा बचाव ऐकून घेतला गेला नाही. त्यानंतर ताटात भाकर येत राहिली, भाकरीसोबत काय, हे विचारण्याची सोय मात्र राहिली नाही. जास्त पेट्रोल टाकू द्यावे, अशी विनंती मी केली. त्यावर ती म्हणाली, "आधी एका लिटरात होत होतं. आता जास्त लागते म्हनता. मंग तवा खरं बोलत होते का आता?" खरे सांगायचे तर नंतर मीही हट्टाला पेटलो. जास्त पेट्रोल टाकणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, असे मला वाटू लागले.

माझा पहिला संशय पंपावर होता. पेट्रोलमध्ये काहीतरी मिसळलेले असावे किंवा मापात तरी कमी असावे, असे धरून मी पंपावर गेलो. खात्री करून घेण्यासाठी पत्नी मागच्या सीटवर बसून आली. पंपाचे व्यवस्थापक श्री. ओमप्रकाश हे तरुण असून बोलण्यात अदबशीर आहेत. त्यांनी चिडून न जाता सर्व तपासण्या आमच्यासमोर केल्या. फिल्टर पेपरवर पेट्रोलचा थेंब टाकला. तो उडून गेल्यावर कागदावर डाग राहिला नाही. काचेच्या नळकांड्यात पेट्रोल घेऊन त्यात काटा तरंगवला आणि घनता फळ्यावर लिहिलेल्या आकड्याशी जुळवून दाखवली. शिक्का मारलेले पाच लिटरचे माप भरले. ते काठोकाठ भरले. मला शरमल्यासारखे झाले.

"माप बरोबर हाय काका, पेट्रोल साफ हाय," ते म्हणाले.

"मंग गाडी कावून बंद पडते?"

"आता पेट्रोलमंधी वीस टक्के इथेनॉल असते. याच पंपावर नाही, समद्याच पंपावर. त्याच्यात पेट्रोलइतकी ताकद नसते, म्हनून गाडी जराशी कमी चालते. नव्या गाडीले समजत नाही, जुन्या गाडीले समजते. अन् टाकीत पानी जाऊ देऊ नका. इथेनॉल पान्याले लवकर धरते."

मी सुटकेचा निःश्वास सोडला. माझी निर्दोष मुक्तता तज्ज्ञाच्या तोंडून आणि पत्नीच्या समक्ष झाली होती. तेथून लगेच निघालो असतो तर हा अर्ज करण्याची वेळ आली नसती. परंतु पत्नीने विचारले, "हे इथेनॉल करतात कायचं?"

"उसाचं, तांदळाचं, मक्याचं. सडवतात, अन् मंग त्याचा अर्क काढतात."

"म्हंजे दारू?"

"पेता येत नाही काकू," ओमप्रकाश म्हणाले, "पन जात तेच."

या वाक्याने माझे जे नुकसान झाले त्याची भरपाई कोणत्याही शासन निर्णयात नाही. घरी अंगणात उतरल्यावर पत्नी मोठ्याने म्हणाली, जेणेकरून देवीदास इंगोलेंनाही ऐकू जावे, "गाडीले दारू पाजता, अन् मंग ती लोळते व्याह्याच्या दारात! तिचा तरी काय दोस बिचारीचा!"

यात आणखी भर पडली. गावात कोणीतरी तिला सांगितले की, देवरावांचा मका यंदा ज्या व्यापाऱ्याने उचलला तो इथेनॉलच्या कारखान्याला माल देतो. हे खरे आहे, आणि देवरावांनीही ते कधी लपवलेले नाही. परंतु पत्नीने त्यावरून पुढील निष्कर्ष काढला : "त्याचाच मका टाकीत, तं तो आपल्याच घरी जाईन ना! बैल सोडला तं तोबी घरीच जाते."

मी तिला शांतपणे समजावले की, इथेनॉल झाल्यानंतर मक्याला आपले घर आठवत नाही. शिवाय तो कारखाना कोठला, ते पेट्रोल कोणत्या डेपोतून आले, याचा काही पत्ता नाही.

"मक्याचा पत्ता सातबाऱ्यावर असते," ती म्हणाली.

महोदय, पस्तीस वर्षांची शासकीय सेवा स्मरून या विधानाचे खंडन मी खालील मुद्दा (इ) कडे वर्ग केले आहे.

त्यानंतर मी मेकॅनिक शेखर यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी कार्बोरेटर साफ केला, पेट्रोलची फुगलेली रबरी नळी बदलली, चेन ताणली, हवा भरली. "थोडाफार फरक राहीनच काका," ते म्हणाले. "जुनी गाडी नव्या पेट्रोलले नाक मुरडतेच." नाक हा शब्द आमच्या घरात सध्या वापरता येत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. सुदैवाने पत्नी सोबत नव्हती.

दुरुस्तीचा उपयोग झाला, पण अर्धवट. त्या सोमवारी गाडी देवरावांचे फाटक ओलांडून थेट पुढच्या पुलापर्यंत गेली आणि पुलावर बंद पडली. फाटक ओलांडताना मला किती आनंद झाला, तो येथे लिहीत नाही. थोड्या वेळाने मागून देवराव पेट्रोलची बाटली हातात घेऊन चालत आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. "आज पुढं कावून गेले, व्याही? चहा ठेवला होता." त्यांना खरोखर वाईट वाटले होते. आणि मलाही, त्यांचा चेहरा पाहून, पुलापर्यंत आल्याचे वाईट वाटले.

घरी हेही कळले. कसे कळले, ते विचारू नये. शेवटी पत्नीने स्वतःच निर्णय दिला, "येत्या सोमवारी मी येईन मांगं बसून. पाहीन कोठी थांबते तुमची गाडी."

त्याप्रमाणे प्रत्यक्ष चाचणी झाली. पंपावर एक लिटर पेट्रोल तिच्या डोळ्यांसमोर टाकण्यात आले. टाकीच्या झाकणाची किल्ली तिने आपल्या कमरेला खोचली. बडनेऱ्यास बहिणीकडे निधनवार्ता वाचून झाल्या. त्या वेळी ती मधूनमधून खिडकीत जाऊन गाडी जागेवर आहे ना, हे पाहत होती. बहिणीने तिला विचारले, "काय पाह्यतं वो येवढं?" ती म्हणाली, "गाडी पेलेली असते आजकाल." बहिणीला वाटले, पिंटूविषयी बोलत आहे.

परतीच्या वाटेवर माझ्या मनात एकच भीती होती, की गाडी पुन्हा त्याच फाटकासमोर थांबणार. पण ती तेथवर पोचलीच नाही. फाट्याच्या बऱ्याच अलीकडे, दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी असलेल्या रस्त्यावर, भर दुपारी तिने उचक्या दिल्या आणि मान टाकली. पत्नी उतरली. चहूकडे पाहिले. घर नाही, दार नाही, बैल नाही. "इथं तं कोनीच राह्यत नाही," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात मला दिवाळीनंतर प्रथमच थोडा मऊपणा जाणवला. मी निर्दोष सुटलो होतो. ते सुख फार टिकले नाही. पऱ्हाटीतून आवाज आला, "अवो विहीणबाई! तुमी? अन् इथं?"

ते देवरावांचेच वावर निघाले. मी त्या वेळी आकाशाकडे पाहिले.

कापसाने भरलेली ओटी सांभाळत मैनाबाई धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आल्या. त्यांनी कोणताही जुना विषय काढला नाही. बाभळीखालच्या मडक्यातले पाणी तांब्यात घेऊन त्यांनी पत्नीसमोर धरले. पत्नीला तहान लागली होती, हे मला दिसत होते. तिने तांब्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "तुमच्या घरचं पानी पेनार नाही म्हनलं होतं मी," ती म्हणाली.

"हे घर कोठी हाय, बाई?" मैनाबाई म्हणाल्या. "वावर हाय. अन् पानी विहिरीचं. विहीर काई बोलली नाही तुमाले."

पत्नीने तांब्या घेतला. एका दमात संपवला आणि दुसऱ्यांदा पुढे केला.

नंतर दोघी धुऱ्यावर बसल्या. मी गाडी धरून रस्त्यावर उभा होतो, कारण कडेच्या मातीत स्टँड रुतत होता. म्हणून जे ऐकू आले तेवढेच लिहितो. मैनाबाई म्हणाल्या, "बारशाहून आल्यावर मी यायच्याशी किती दिस बोलली नाही, इचारा पाह्यजे तं. तुमाले फोन लावाले घ्यायची अन् ठेवून द्यायची. म्हनलं, तुमी उचलनार नाही."

"नसताच उचलला," पत्नी म्हणाली.

"अन् नाक कायचं घेऊन बसले हे! पोराचं नाक अजून चिमटीएवढं हाय. मोठं झाल्यावर तुमच्यावानी झालं तं फोटोत उठून तरी दिसन. आमच्या घरी तं समदे सपाट. रांगेत उभे केले तं भिंत वाटते."

हे ऐकून माझी पत्नी हसली. बारशानंतर मी तिला असे हसताना पाहिले नव्हते. मी पाहत राहिलो, तेवढ्यात गाडी हातातून सुटून माझ्या पायावर पडली. तिकडे कोणाचेही लक्ष गेले नाही, आणि याबाबत माझी तक्रारही नाही.

सोमवारची गाडी फाटकाशी आली नाही म्हणून थोड्या वेळाने देवराव बाटली घेऊन शोधत आले. त्यांना वाटले होते मी एकटाच आहे. पत्नीला पाहून ते जागच्या जागी थांबले. बाटली खाली ठेवली, खांद्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला. मग ते म्हणाले, "विहीणबाई, माह्यं चुकलं. लोक हसले की मले जोर येते. मंग काय बोलून राहिलो ते मलेच समजत नाही."

पत्नीने रिकामा तांब्या मैनाबाईंच्या हाती दिला आणि विचारले, "माइक कोनाचा होता?"

"मंडपवाल्याचा."

"जावळाले मंडपवाला दुसरा पाहा. बिनामाइकचा."

"बरं."

"अन् पोराले मांडीवर आधी मी घेईन."

"घ्या."

तिने तेथूनच सूनबाईला फोन लावला. "आचल, आमी चौघं एकाच गाडीत येऊन राहिलो जावळाले. तुह्या मायले खिडकीजवळ बसवतो, तिले लागते ना गाडी." पलीकडे सूनबाई रडू लागली. "आता कावून रडतं?" पत्नी म्हणाली, आणि पदराने स्वतःचे डोळे पुसत वळून मला म्हणाली, "उभे काय? टाका पेट्रोल." किल्ली तिच्याच कमरेला आहे, याची मला तिला आठवण करून द्यावी लागली.

येथे आपणास वाटेल की, तंटा मिटला, तर मग अर्ज कशासाठी? हाच मुख्य मुद्दा आहे.

घरी आल्यावर पत्नी म्हणाली, "ते भांडन मिटलं. तुमचं नाही मिटलं. मी बसली तं गाडी येवढी अलीकडं थांबली. मंग तुमी एकटे असले की नेमकी दारातच कशी थांबे? अंतर बदललं कावून?"

या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर मला ठाऊक आहे. परंतु ते तिच्या वजनाशी संबंधित असल्याने मी ते देऊ शकत नाही. ते उत्तर शासनामार्फत, तटस्थ भाषेत, शिक्क्यासह दिले जावे, यासाठी हा अर्ज आहे.

इथेनॉलला माझा विरोध नाही. मक्याला गिऱ्हाईक मिळाले तर ते आमच्या व्याह्यांच्याच सोयीचे आहे. माझे म्हणणे एवढेच की, जुन्या गाडीच्या मालकाला हा फरक आधी सांगितला गेला असता तर एका घरातील शांतता वाचली असती. तरी कृपावंत होऊन पुढील मजकुराचा दाखला देण्यात यावा :

(अ) इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या मोटारसायकलीचा पल्ला काही अंशी कमी होतो, व असे वाहन कोठे थांबेल हे चालवणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून नसते.

(आ) वाहनावर एकाऐवजी दोन व्यक्ती असल्यास पल्ला आणखी घटतो. (येथे कोणाचेही नाव अथवा वजन लिहू नये.)

(इ) इथेनॉल तयार झाल्यावर मका आपल्या मूळ शेतकऱ्याच्या घराकडे वाहन ओढत नाही.

तसेच पंपावर "जुन्या गाडीवाल्यांनी थोडे जास्त टाकावे" असा फलक लावता आल्यास माझ्यासारख्या इतर गृहस्थांचे संसार सुरळीत राहतील. फलकाचा मजकूर मोठ्या अक्षरांत असावा, म्हणजे मागच्या सीटवरूनही वाचता येईल.

आपल्या सहीची वाट पाहत असलेला,

(सही)
खुशालराव नामदेवराव मोहोड
नांदगाव खंडेश्वर
दि. १२ जानेवारी २०२६

सोबत :
१) पंपावरील फिल्टर पेपर (डाग नसलेला).
२) गाडी ज्या ज्या ठिकाणी बंद पडली त्यांचा हाताने काढलेला नकाशा. (श्री. देवराव गावंडे यांच्या आग्रहावरून त्यात त्यांची विहीरही दाखवली आहे.)
३) फुगलेली रबरी नळी.

ता. क. — अर्जदाराच्या पत्नीने अर्ज वाचून खालील मजकूर स्वतःच्या हाताने जोडला असून, तो खोडण्याची मला मुभा नाही :

साहेब, अर्ज मी वाचला. समदं बरोबर हाय, नाकाचं जरा जास्त झालं. पेट्रोल खरंच संपत होतं हे मले पह्यल्या दिवशीच समजलं होतं. चहा पेऊन आलेला मानूस तसा घामाघूम येत नाही. मंग भांडली कावून म्हनसान, तं दुसऱ्या सोमवारी त्याइनं चहा पेला म्हनून. वजनाचंबी मले समजते, मी काई लहान नाही. मले दाखला नाही पाह्यजे. पन त्याइले द्या. रिटायर झाल्यापासून त्याइच्या नावानं एकबी सरकारी कागद आला नाही, अन् पोस्टमनची सायकल वाजली की ते जेवता जेवता उठून फाटकापर्यंत जातात. तवा उत्तर धाडा. दोन ओळी असल्या तरी चालन. शिक्का तेवढा ठळक मारा.

सौ. रुख्मिणी खुशालराव मोहोड